घरचें गाणें आणि मैफलीचें गाणें

सुशिक्षित घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. हवें तें गाणें, हव्या त्या गवयाचें, हव्या त्या घटकेस घरबसल्या ऐकावयास मिळत असतां तिकिटाचे पैसे मोजून, जाण्यायेण्याची दगदग सोसून, तीन-तीन तास अवघडून बसण्यासाठीं मैफलीस जावें कशाला? प्रश्न बहुधा घरांतील तरुण मंडळी काढतात. परंतु ज्यांचे गुडघे दुखूं लागले आहेत अशी वडील मंडळीही मनांतून त्यांस अनुकूल असतात. उलट, प्रत्येक एकत्र कुटुंबांत एखादे काका किंवा एखाद्या आत्याबाई अशा असतातच, कीं ज्यांच्या मतें यंत्रांतून येणारें गाणें म्हणजे चित्रांतला आंबा. हे दोन पक्ष जेवणाच्या वेळीं समोरासमोर आले म्हणजे पानांतला भात निवून जातो, पण वाद मिटत नाहीं. दोन्ही पक्षांचें म्हणणें आम्हांस अर्धें अर्धें पटतें. म्हणून या महिन्यांत त्याचाच थोडा शांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम घरच्या गाण्याची बाजू घेऊं. कारण तिच्यावर अन्याय अधिक होतो.

आपल्या देशांत तबकडीवर गाणें उतरविण्यास १९०२ सालीं कलकत्त्यास प्रारंभ झाला. गौहरजान या त्या काळच्या विख्यात गायिकेनें त्या वर्षीं तबकड्यांसाठीं गाणें म्हटलें. तीन मिनिटांत गाणें आटोपतें घेऊन शेवटीं ती इंग्रजींत आपलें नांव पुकारीत असे. ही घटना आज गमतीची वाटते. परंतु तत्पूर्वीं रागदारीचें गाणें होतें कोठें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचें महत्त्व कळतें. तें संस्थानिकांच्या दरबारांत होतें, सावकारांच्या दिवाणखान्यांत होतें, देवळांत आणि नाटकगृहांत होतें. आपल्यासारख्या घरांतील पुरुष तेथें जात. स्त्रियांच्या वांट्यास ओव्या, भूपाळ्या, मंगळागौरीचीं गाणीं आणि फार तर देवळांतील कीर्तन. ज्या घरांत गाणाऱ्या बाईचें नांव काढणेंही अशिष्ट समजलें जाई, त्याच घरांत तिचा आवाज ग्रामोफोनच्या कर्ण्यांतून माजघरापर्यंत येऊन पोंचला. उंबरठा ओलांडण्याची जी मुभा घरच्या बाईस नव्हती, ती गाण्यास मिळाली. हिराबाई बडोदेकर यांनीं तिकीट लावून जाहीर गाणें करण्याची वाट स्त्रियांसाठीं रुळविली हें खरें. परंतु त्या जलशांस ज्यांना जातां आलें नाहीं अशा असंख्य गृहिणींस हिराबाईंचा गळा ठाऊक झाला तो तबकडीमुळेंच.

पुढें नभोवाणी आली. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरूं झालें. १९५२ सालीं आकाशवाणीनें राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरूं केला, तेव्हां दूरच्या तालुक्याच्या गांवींही पहिल्या प्रतीचें गाणें ऐकूं येऊं लागलें. १ एप्रिल १९५५ पासून पुणें केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ दर आठवड्यास एक याप्रमाणें सुरूं झालें आणि ५६ गीतांनीं पूर्ण झालें. ज्यांच्याकडे रेडिओ असे त्यांच्या ओटीवर शेजारपाजार गोळा होई. घरीं ऐकलेलें गाणें म्हणजे एकट्यानें ऐकलेलें गाणें, असा अर्थ त्या काळीं मुळींच नव्हता. हा मुद्दा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्याकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे.

घरच्या गाण्यानें नुसते श्रोतेच घडविले असें नाहीं. भीमसेन जोशी यांनीं लहानपणीं अब्दुल करीम खां यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवरून ऐकली, आणि असें गातां आलें पाहिजे या ध्यासानें १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, घर सोडलें. कुमार गंधर्व बालवयांत मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवीत व लोक थक्क होत. यंत्रानें पेरलेलें बीं असें उगवून येतें. मात्र या दोन्ही उदाहरणांचा उत्तरार्ध विसरूं नये. भीमसेनांस अखेर सवाई गंधर्वांच्या घरीं राहून शिकावें लागलें. आणि कुमारांची नक्कल संपून स्वतःचें गाणें उमलूं लागलें तें मुंबईस प्रो. बा. र. देवधर यांच्याकडे शिक्षण व नाना घराण्यांच्या गवयांचा प्रत्यक्ष सहवास घडल्यावर. तबकडीनें त्यांस दारापर्यंत आणून सोडलें. आंत नेलें तें माणसांनीं.

घरच्या ऐकण्याचे आणखी दोन फायदे निर्विवाद आहेत. एक पुनरावृत्तीचा. मैफलींत एखादी जागा वीज चमकावी तशी येते आणि जाते; घरीं तीच जागा दहा वेळां ऐकून ती कशी घेतली हें समजून घेतां येतें. दुसरा समयाचा. आपले राग प्रहरांस बांधलेले आहेत, आणि बहुतेक मैफली संध्याकाळीं होतात. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मर्यादा घातल्यापासून रात्रभर चालणारे जलसे जवळजवळ इतिहासजमाच झाले आहेत. अशा स्थितींत दिवाळीपहाटेसारखे अपवाद सोडले तर ललत, भटियार, तोडी यांसारखे राग त्यांच्या खऱ्या वेळीं ऐकावयाचे कोठें? घरींच. सकाळच्या पहिल्या चहाबरोबर मंद आवाजांत तोडी लागलेली असावी, हें सुख कोणतेंही सभागृह देऊं शकत नाहीं. आणि जे गवई आज हयात नाहींत त्यांची भेट तर केवळ घरींच होणार.

येथवर वाचून घरबशे वाचक प्रसन्न झाले असतील. आतां दुसरी बाजू.

जुन्या १० इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन-सव्वातीन मिनिटांचें गाणें मावे. त्यामुळें विस्तार हाच ज्याचा प्राण त्या ख्यालाचा अर्क काढून द्यावा लागे. १९४८ सालीं लांब वेळ चालणारी तबकडी निघाली व एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं. आतां तर काळाचें बंधन उरलेलेंच नाहीं. तेव्हां कोणी म्हणेल, कीं यंत्राचें वैगुण्य संपलें. आतां उणें काय राहिलें? आमचें उत्तर असें, कीं उणा राहिला तो ऐकणारा.

हें नीट समजण्यासाठीं आपल्या संगीताची घडण पहावी लागते. युरोपांतील अभिजात संगीताची रचना बहुतांशीं लिहिलेली असते. वादकानें ती उत्तम रीतीनें साकार करावयाची. म्हणून ग्लेन गूल्ड नांवाचा कॅनडाचा थोर पियानोवादक १९६४ सालीं जाहीर मैफलींचा कायमचा निरोप घेऊन ध्वनिमुद्रणाच्या खोलींत जाऊन बसूं शकला, आणि तरीही त्याची कला उणावली नाहीं असें त्याचे चाहते म्हणतात. आपल्याकडे बंदिशीच्या दोन-चार ओळींपलीकडे कांहींच लिहिलेलें नसतें. पुढचा तासभर जें उभें रहातें तें त्या क्षणीं, त्या माणसांसमोर घडतें. गायक तंबोऱ्याची जवारी लावून घेतो, षड्ज लावतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत समोरची मंडळी कोण आहेत याचा अदमास घेतो. एखाद्या निषादावर तो क्षणभर रेंगाळला आणि पुढच्या रांगेंतील एका वृद्ध गृहस्थांच्या तोंडून नकळत ‘वाः’ निघालें, तर तो त्या निषादाकडे निराळ्या वाटेनें पुन्हां येतो. समेवर दहा माना एकदम हलल्या, कीं तबलजीच्या हातांत बळ येतें. मंडळी चुळबूळ करूं लागली, तर जी तान यावयाची ती येत नाहीं, किंवा नको तितकी लवकर येते. थोडक्यांत, त्या दिवशींचें गाणें गायक एकटा रचीत नाहीं. ध्वनिमुद्रिकेपुढें आपण कितीही मान डोलविली तरी तिच्यांतील गवयास तें कळण्याचा मार्ग नाहीं. तें गाणें दुसऱ्या कोणाच्या तरी श्रवणानें घडलेलें असतें. आपणांस मिळतो तो त्याचा प्रसाद. प्रसाद पवित्र खराच, पण पूजेंतला आपला हात त्यांत नसतो.

याची कठोर परीक्षा २०२० सालीं होऊन गेली. साथीमुळें सभागृहें बंद झालीं आणि कित्येक गायक-वादकांनीं रिकाम्या खोलींत कॅमेऱ्यासमोर बसून कार्यक्रम केले. गाणें घरोघर पोंचलें. त्या कठीण दिवसांत त्यानें धीरही दिला. परंतु समेवर येऊन डोळे उघडावे तों समोर भिंत, अशा स्थितींत गाणें किती काळ फुलेल, हा प्रश्नही त्या वर्षानें उघडा केला.

आणखी एक गोष्ट विचारांत घ्यावी. जयपूर घराण्याचे अध्वर्यु अल्लादिया खां १९४६ सालीं वारले, पण त्यांनीं आपलें गाणें तबकडीवर उतरूं दिलें नाहीं. तरी तें नष्ट झालें नाहीं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून तें पुढें आलें, कारण तें समोर बसून ऐकणारीं व घोटणारीं माणसें होतीं. त्याच केसरबाईंचें भैरवींतील साडेतीन मिनिटांचें गाणें ५ सप्टेंबर १९७७ रोजीं उडालेल्या ‘व्हॉयेजर’ यानांत बसविलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनीं केसरबाई निवर्तल्या. गोमंतकांतील केरी या खेड्यांत जन्मलेल्या बाईचा स्वर आज सूर्याच्या प्रभावमंडलापलीकडे गेला आहे. यंत्राचा याहून मोठा पराक्रम कोणता? पण तेथें ऐकावयास कोणी नाहीं, म्हणून तेथें तें गाणें नाहीं. तेथें फक्त तबकडी आहे. ऐकणाऱ्यांवांचून गाण्याचें काय होतें, याचें एवढें मोठें उदाहरण दुसरें सांपडणार नाहीं.

शरीराचाही एक साधा हिशेब आहे. काळी एकच्या पट्टींत गाणाऱ्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारें ६९ आंदोलनें करते. तळहाताएवढ्या मोबाईलच्या चिमुकल्या कर्ण्यांतून तो खर्ज जवळजवळ निघतच नाहीं. आपला कान वरच्या स्वरांवरून त्याची कल्पना करून घेतो. दिवाणखान्यांत दोन तंबोऱ्यांमध्यें बसलेला गायक ज्यानें दहा फुटांवरून ऐकला आहे, त्यास हा फरक समजावून सांगावा लागत नाहीं. तो त्याच्या छातीस ठाऊक असतो.

परंतु मैफलीचे भक्त म्हणून आम्ही तिचे दोष झांकणार नाहीं. सहाची वेळ छापून पावणेसातास पडदा उघडणें, मग दीपप्रज्वलन, सत्कार, शालश्रीफळें आणि भाषणें यांत अर्धा तास घालविणें, आणि शेवटीं वेळ नाहीं म्हणून गायकास भैरवी आवरती घेण्याची चिठ्ठी पाठविणें, हा श्रोत्यांचा व कलावंताचा सारखाच अपमान होय. ध्वनिक्षेपक इतका मोठा ठेवतात, कीं नाजूक मुरकी हातोड्यासारखी कानावर आदळते. श्रोत्यांचाही दोष आहेच. समोर जिवंत माणूस गात असतां त्याच्याकडे पहाण्याऐवजीं मोबाईल उंच धरून त्याचें चित्र टिपीत बसणारी मंडळी मैफलीस येऊनही घरींच असतात. मोठ्या महोत्सवांविषयीं आम्हांस आदर आहे. गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ सालीं भीमसेनांनीं पुण्यास सुरूं केलेला सवाई गंधर्व महोत्सव ही महाराष्ट्राची एक वार्षिक वारीच आहे. तथापि मांडवांत हजारोंच्या मागें बसून पडद्यावर गायक पहाणें आणि पन्नास माणसांच्या बैठकींत त्यास ऐकणें, यांत घर आणि मैफल यांच्याइतकेंच अंतर आहे. ज्यास मैफल म्हणजे काय हें जाणावयाचें असेल त्यानें आरंभ लहान बैठकीपासून करावा.

आतां खऱ्या मुद्द्याकडे वळूं. आमच्या मतें आज भय आहे तें यंत्राचें नव्हे. भय आहे तें अर्धवट ऐकण्याचें आणि एकएकट्यानें ऐकण्याचें. पूर्वीं घरांत रेडिओ एकच असे. आजोबांस ख्याल हवा, मुलांस सिनेमाचीं गाणीं हवीं, आजीस कीर्तन हवें. भांडण होई, तडजोड होई, आणि त्या तडजोडींतच नातवाच्या कानांवर मालकंस आणि आजोबांच्या कानांवर सिनेमांतलें एखादें सुरेख गाणें पडे. रुचि ही अशी एकमेकांच्या शेजारीं बसून लागते. आतां एका छपराखालीं पांच माणसें असतात आणि पांचांच्या कानांत पांच निरनिराळीं गाणीं चाललेलीं असतात. कोणाचें कोणास ऐकूं जात नाहीं. भांडण नाहीं, आणि देवघेवही नाहीं. गाणें लागलेलें आहे आणि माणूस भाजी चिरतो आहे, हिशेब करतो आहे, पत्रें लिहितो आहे. कामास गाण्याची सोबत असावी, त्यास आमची हरकत नाहीं. आपल्या आज्या जात्यावर ओव्या गातच होत्या. पण त्या गात होत्या, आणि दळणाची लय हीच ओवीची लय होती. आजचें गाणें मात्र आपल्या पाठीमागें नुसतें वहात असतें. अशा ऐकण्याची संवय जडलेला कान मैफलींत गेला, कीं विलंबित ख्यालाच्या पहिल्या पंधरा मिनिटांतच कंटाळतो. आणि कंटाळलेल्या कानांसमोर गाणाऱ्या गायकाचें गाणेंही हळूहळू उथळ होतें. घरांतील ऐकणें बिघडलें, कीं व्यासपीठावरील गाणें बिघडतें. इतका हा निकट संबंध आहे.

तेव्हां घर कीं मैफल, असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. घरचें ऐकणें हा अभ्यास आहे, मैफल ही परीक्षा नव्हे पण भेट खास आहे. आणि अभ्यासावांचून झालेली भेट मुकी रहाते. आमच्या वाचक कुटुंबांस आम्ही चार गोष्टी सुचवूं इच्छितों.

पहिली, आठवड्यांतून एक तास, रात्रीच्या जेवणानंतर म्हणा, घरांतील सर्वांनीं एकत्र बसून ऐकावें. मोबाईल दुसऱ्या खोलींत असावेत आणि गाणें निवडण्याची पाळी आळीपाळीनें प्रत्येकाची असावी. नातवानें निवडलेलें गाणें आजोबांनींही नाक न मुरडतां पुरें ऐकावें.

दुसरी, मुलांस मैफलीस नेण्यापूर्वीं एखादाच राग, उदाहरणार्थ यमन, तीन निरनिराळ्या गळ्यांतून कांहीं दिवस घरीं ऐकवावा. रागाची व्याख्या पाठ करून घेऊं नये. पुढें एखाद्या संध्याकाळीं गायकानें तोच राग उचलला, म्हणजे मूल आपल्या बाहीस धरून कानांत सांगेल, कीं हा तर आपला यमन. तेवढ्या एका ओळखीवर पुढचीं तीस वर्षें निघतात.

तिसरी गोष्ट घरांतील कर्त्या पुरुषांस उद्देशून आहे. मध्यंतर झाल्याबरोबर उठून घरीं कोण जातें, हें एकदां नजर टाकून पहावें. बहुधा ती गृहिणीच असते. मुलांचें जेवण, सासूबाईंचें औषध आणि सकाळचा डबा तिच्या मनांत द्रुत लयींत चालूं झालेला असतो. तबकडीनें शंभर वर्षांपूर्वीं गाणें माजघरांत नेलें; माजघरांतील माणसास गाण्यापर्यंत नेण्याचें काम मात्र यंत्राच्या हातचें नाहीं. मैफलीच्या दिवशीं स्वयंपाकाचा भार दुसऱ्या कोणीं उचलावा आणि तिला भैरवीपर्यंत बसूं द्यावें.

चौथी आणि शेवटची. ज्यांस वार्धक्यामुळें वा आजारामुळें बाहेर जाववत नाहीं त्यांच्यासाठीं मैफलच घरीं आणावी. प्रत्येक शहरांत चांगले तयार झालेले, पण अजून नांवारूपास न आलेले तरुण गायक-वादक आहेत. वर्षांतून एकदां दिवाणखान्यांतील खुर्च्या बाजूस सारून सतरंजी अंथरावी, आजीस भिंतीस टेकून बसवावें, शेजारच्या चार घरांस बोलवावें आणि त्या कलावंताचें दोन तास गाणें ऐकावें. मात्र त्यास योग्य बिदागी द्यावी, आणि ती आधीं ठरवून द्यावी. लग्नांत फुलांच्या सजावटीवर हात सैल सोडणारीं आपलीं घरें गवयास मात्र पोहे आणि पाठीवर शाबासकी एवढ्यावर वाटेस लावूं पहातात, ही आपल्या वर्गाची जुनी खोड आहे. तिचा परिणाम असा होतो, कीं गुणी मुलें चाळिशीच्या आंत तंबोरा खुंटीस लावून दुसरी नोकरी धरतात, आणि मग आपणच म्हणतों, कीं आतां पूर्वींसारखें गाणें राहिलें नाहीं.

तबकड्या कपाटांत शंभर वर्षें टिकतात. त्यांची काळजी करण्याचें कारण नाहीं. पुढच्या पिढीच्या कपाटांत ठेवावयाचें गाणें आज कोणाच्या तरी समोर गायिलें जावें लागेल, आणि तें ‘कोणी तरी’ आपल्याच घरांतून निघावयास हवें.